बिल्डरची नोंद माणसाच्या नावाने व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गृहबांधणी व्यवसायात येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी आपल्या करिअर पुरवणीत आलेला लेख वाचला. जमीन कशी हेरावी, भागीदार कसे निवडावेत, बँकेपुढे प्रकल्प कसा मांडावा, बुकिंगची जाहिरात केव्हा काढावी, हे सगळं त्यात आहे. शेवटी एका यशस्वी व्यावसायिकाची ओळख आहे आणि त्याने आजवर किती लाख चौरस फूट बांधकाम केलं तो आकडा ठळक टाइपात आहे. त्या बांधकामातल्या किती इमारतींना भोगवटा दाखला (इमारत राहायला योग्य असल्याचं पालिकेचं प्रमाणपत्र) मिळाला, किती सोसायट्यांच्या नावावर जमीन झाली, याबद्दल मात्र एक ओळही नाही. ज्यांनी त्या इमारतींत आयुष्यभराची कमाई घातली त्यांच्या दृष्टीने बिल्डरच्या कारकिर्दीत विचारण्यासारख्या याच दोन गोष्टी आहेत. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून 1980च्या दशकात डोंबिवलीत एका साइटवर लागलो आणि निवृत्त होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच वेगवेगळ्या बिल्डरांकडे काम केलं. त्यातला सर्वांत जास्त काळ एकाच माणसाकडे गेला. साइटवर सगळे त्यांना शेठ म्हणत, इथेही तसंच म्हणतो. ते आता हयात नाहीत. त्यांच्या घरच्यांना प्रसिद्धीची हौस नाही, त्यामुळे नाव देत नाही.

शेठचं मूळ दुकान सिमेंट-पत्र्याचं. सिमेंट परमिटवर मिळायचं तो काळ त्यांनी गल्ल्यावर बसून पाहिलेला होता. 1982 मध्ये सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठलं, 1989 मध्ये पूर्ण उठलं, आणि या मधल्या वर्षांत आमच्या भागात दुकानदार, ठेकेदार, जमिनीचे दलाल असे कितीतरी लोक बिल्डर झाले. शेठही त्यांतलेच. शिक्षण मॅट्रिक. पण कोण उधारी वेळेवर चुकती करतो आणि कोण भेसळीचं काम करतो हे त्यांना दुकानातच कळलेलं होतं. स्वतःच्या पहिल्या इमारतीचा गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाला त्यांनी या अनुभवावरून निवडला.

त्यांची पहिली इमारत तळ अधिक तीन मजल्यांची. जमीन एका शेतकरी कुटुंबाची, विकत न घेता विकसन करारनाम्यावर घेतलेली. मालकाला काही फ्लॅट, काही रोख, असा तो व्यवहार. आमच्याकडे त्या वेळी रीत अशी होती की सातबारावर ज्या भावाचं नाव वर असेल त्याची सही घ्यायची, कुलमुखत्यारपत्र करायचं आणि काम सुरू करायचं. बहिणींना कोणी विचारत नसे. शेठनी मात्र लग्न होऊन लांब गेलेल्या बहिणींनासुद्धा बोलावून घेतलं, प्रत्येकीला कागद वाचून दाखवला, तिचा हिस्सा ठरवला आणि मगच सह्या घेतल्या. त्यात काही महिने गेले. भागीदार वैतागला होता. शेठ त्याला म्हणाले, “आज सगळे एका ओट्यावर बसलेत. दहा वर्षांनी कन्व्हेयन्सला यांची नातवंडं शोधत फिरायचं का?” मी तेव्हा नवीन होतो. पायासुद्धा न खणलेल्या इमारतीच्या कन्व्हेयन्सची, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देण्याची, भाषा हा माणूस आत्ता का करतो आहे, हे मला कळायला बराच काळ जावा लागला.

तरुणांना या व्यवसायाबद्दल सांगायचं तर सुरुवात इथून करायला हवी. फ्लॅट विकणारा बिल्डर वीट किंवा सिमेंट विकत नाही, हक्क विकतो, आणि स्वतःकडे पूर्ण नसलेला हक्क त्याला पुढे देता येत नाही. आपल्या राज्यात हा धंदाच मुळी कायद्याच्या पोटी जन्माला आला. 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणं कोणाला परवडेना, आणि मालकी हक्काच्या सदनिकांची चाल पडली. त्यात इतकी फसवाफसवी झाली की 1963 मध्ये महाराष्ट्राला सदनिकांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा मोफा कायदा करावा लागला. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेऊ नये, पुरेसे ग्राहक आले की सोसायटी स्थापन करावी, आणि सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत जमीन-इमारतीचं अभिहस्तांतरण, म्हणजेच कन्व्हेयन्स, करून द्यावं, हे सगळं त्या कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत तेव्हापासून आहे. चार महिने! आमच्या वॉर्डात पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायट्यांच्या मालमत्तापत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचं किंवा बिल्डरच्या फर्मचं नाव आहे.

साइटवरची एक गोष्ट सांगतो, कारण माणसाची पारख तिथे होते. स्लॅब भरला की खालचे टेकू आणि साच्याच्या प्लेटा काही दिवस तशाच ठेवाव्या लागतात. काँक्रीटला स्वतःचं वजन पेलण्याइतकी ताकद यायला वेळ लागतो. काँक्रीटकामाच्या भारतीय मानक 456 प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवायचे असतात. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा, त्यापुढच्यांचे एकवीस. आता अडचण अशी की सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात आणि भाडं दिवसावर चढतं. शिवाय त्याच प्लेटा वरच्या मजल्याला किंवा दुसऱ्या साइटला हव्या असतात. त्यामुळे ठेकेदार रोज येऊन विचारतो, “साहेब, खोलू का?” बाहेरून पाहिलं तर स्लॅब टणक दिसतो, हातोडीने ठोकला तर वाजतो, आणि पाचव्या दिवशी खोलला तर शंभरातल्या नव्वद वेळा काहीही होत नाही. पण उरलेल्या वेळी बीमच्या पोटाला केसासारखी चीर पडते, ती प्लास्टरखाली जाते, आणि काही वर्षांनी पावसाचं पाणी तिथूनच सळईपर्यंत पोचतं.

एका पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या दोन साइट एकाच वेळी चालू होत्या आणि प्लेटा एकाच साइटपुरत्या होत्या. दुसऱ्या साइटचा स्लॅब पावसाआधी पडला नाही तर ग्राहकांचा हप्ता अडकणार होता, आणि त्या हप्त्यावर मजुरांचा पगार होता. ठेकेदार शेठच्या मागे लागला. शेठ स्वतः खाली गाळ्यात आले, टेकूंवर खडूने भरणीची तारीख लिहिलेली होती ती त्यांनी बोटावर मोजली आणि म्हणाले, “इंजिनिअर साहेब सांगतील तेव्हा.” इतकंच बोलून निघून गेले. मजुरांचे पगार त्या शनिवारी त्यांनी घरातून आणून दिले. मी तेव्हा पंचविशीतला पोरगा होतो, ते माझे मालक होते. त्यांनी सगळ्यांसमोर ठेकेदाराला दिलेलं ते उत्तर मला पुढे प्रत्येक साइटवर उपयोगी पडलं. स्लॅब कधी खोलायचा हे इंजिनिअरने ठरवायचं, पैशाने ठरवायचं नाही, एवढं मालकाने एकदा उघड सांगितलं की साइटवर कोणी पुन्हा विचारत नाही.

24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून 16 माणसं गेली. त्या इमारतीला दहा वर्षंही झाली नव्हती. ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे असे कितीतरी गाळे आले.

आता शेवटच्या स्लॅबबद्दल. शेवटचा स्लॅब पडला की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि त्या दिवसापासून बहुतेक बिल्डरांचं मन त्या इमारतीतून निघून जातं. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की मला ते स्वभावापेक्षा हिशेबाचं दुखणं वाटतं. महाराष्ट्राच्या 2017च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) नियमांतला आदर्श करारनामाच पाहा. करारानंतर 30 टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत 45, आणि सगळे स्लॅब झाले की 70 टक्क्यांपर्यंत रक्कम ग्राहकाकडून घेता येते. त्यानंतर भिंती, प्लास्टर, फरशी, नळ, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, भोगवटा दाखला हे सगळं उरलेल्या 30 टक्क्यांत, आणि तेही तुकड्यातुकड्याने. सांगाडा उभा राहतो तेव्हा पैशाचा मोठा भाग येऊन गेलेला असतो. रेरापूर्वी तर तो पैसा सरळ पुढच्या जमिनीच्या बयाण्यात जायचा. आमच्याकडे त्याला ‘रोटेशन’ म्हणत आणि रोटेशन जमलं तोच हुशार बिल्डर समजला जाई. एका इमारतीच्या ग्राहकांच्या पैशाने दुसरी जमीन, दुसरीच्या बुकिंगवर तिसरी. बाजार चढता असेपर्यंत हे चालतं. बाजार थांबला की शेवटच्या तीन इमारती एकदम अडकतात आणि त्यात राहायला येणारी माणसं घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरत बसतात.

2016च्या रेरा कायद्याने ग्राहकाकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणं बंधनकारक केलं. ते पैसे काढताना इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सनदी लेखापाल या तिघांचा दाखला लागतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा, ही तरतूद आली. नोंदणीकृत करारापूर्वी 10 टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत, हेही आलं. मी साइटवर असताना हा बदल झाला आणि त्याचा फरक मी पाहिला आहे. ज्यांचं सगळं रोटेशनवर चाललं होतं त्यांतले कित्येक धंद्यातून बाहेर गेले. हे चांगलं झालं.

पण रेराने एक दार उघडं ठेवलं आहे. रेराखाली नोंदणी होते ती प्रकल्पाची. बिल्डरची माणूस म्हणून स्वतंत्र नोंदणी होत नाही. अर्जासोबत त्याने मागच्या पाच वर्षांत सुरू केलेल्या प्रकल्पांची माहिती द्यायची असते: काय पूर्ण झालं, काय रखडलं, कुठे खटले चालू आहेत. पाच वर्षं म्हणजे या धंद्यात दोन इमारती. त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने काय केलं, हे इमारतवार सांगायची सक्ती नाही. त्यातही प्रत्येक इमारतीला नवी फर्म काढायची पद्धत आहे. एका इमारतीला एक भागीदारी, दुसरीला एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), तिसरीत बायको आणि मेहुणा भागीदार. अमुक एंटरप्रायझेस, तमुक असोसिएट्स, अलाणे डेव्हलपर्स. माणूस तोच, ऑफिस तेच, चहा आणणारा पोऱ्यासुद्धा तोच, आणि कागदावर मात्र कोरी पाटी.

अशा एका बिल्डरकडे मी काही काळ काम केलं. त्याचंही नाव घेत नाही. त्याच्या एका इमारतीत मंजूर नकाशापेक्षा एक मजला जास्त होता. त्यामुळे भोगवटा दाखला मिळेना. दाखला नाही म्हणून पालिकेचं पाणी व्यावसायिक दराने, सोसायटीची कागदपत्रं अपुरी, आणि कन्व्हेयन्सचा तर विषयच नाही. लोकांनी तक्रार केली तेव्हा ती फर्म विसर्जित झालेली होती. त्याच वर्षी स्टेशनजवळ त्याच्या नव्या फर्मचा फलक लागला आणि त्यावर ‘विश्वासाची परंपरा’ असं लिहिलेलं होतं. त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक शिक्षिका निवृत्तीनंतर फ्लॅट विकायला निघाल्या, तर गिऱ्हाईकाच्या बँकेने दाखल्याअभावी कर्ज नाकारलं. त्यांनी मला फोन करून विचारलं, “तुम्ही तिथे होतात ना? मग आम्हाला कोणी का नाही सांगितलं?” मजला चढत होता तेव्हा मी दुसऱ्या साइटवर होतो, पण त्यांना हे उत्तर काय कामाचं? त्यांना हवी होती ती माहिती फ्लॅट घेताना कुठेतरी लिहिलेली सापडायला हवी होती, आणि ती कुठेही नव्हती.

कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतल्या 65 इमारतींचं प्रकरण तर सर्वांनाच माहीत आहे. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून रेराची नोंदणी मिळवली गेली आणि त्या नोंदणी क्रमांकावर विश्वास ठेवून लोकांनी घरं घेतली. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यातली कुटुंबं आमच्या आजूबाजूला राहतात. हप्ते फेडणारी, मुलांच्या शाळा जवळ म्हणून इथे आलेली साधी माणसं आहेत ही.

मला जे मागायचं आहे ते अगदी साधं आहे. महाराष्ट्रात फ्लॅट विकायला मदत करणाऱ्या एजंटला 2023 पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं. नकाशा काढणारा आर्किटेक्ट 1972च्या कायद्याखाली नोंदलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला पालिकेचा परवाना लागतो. लिफ्ट बसवणाऱ्यालासुद्धा परवाना लागतो. या सगळ्यांना कामाला लावणाऱ्या आणि शेकडो कुटुंबांचे पैसे हातात घेणाऱ्या माणसाला मात्र कुठलीही पात्रता सिद्ध करावी लागत नाही. शेठ मॅट्रिक होते हे मी वर सांगितलंच, तेव्हा पदवीची अट घाला असं मी म्हणणार नाही. पण प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची, नोंद व्यक्तीच्या नावाने, त्याच्या पॅन क्रमांकाशी जोडून, आयुष्यभरासाठी व्हावी. कोणत्याही फर्ममध्ये तो भागीदार असो की संचालक, त्याने बांधलेली प्रत्येक इमारत त्या नोंदीत असावी. प्रत्येक इमारतीपुढे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची तारीख, भोगवटा दाखल्याची तारीख, सोसायटी नोंदणीची तारीख आणि अभिहस्तांतरणाची तारीख, एवढे चार रकाने पुरेत. जिथे रकाना मोकळा आहे तिथे तो सगळ्यांना मोकळा दिसू दे. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे छोटे प्रकल्प आज नोंदणीतून सुटतात, तेही या नोंदीत यावेत, कारण बहुतेक बिल्डरांची सुरुवात तिथूनच होते आणि सवयी तिथेच लागतात.

बिल्डर मंडळी म्हणतील की कन्व्हेयन्स रखडण्यात सोसायट्यांचीही चूक असते, आणि ते खरं आहे. मुद्रांक शुल्काचा फरक भरायला सभासद तयार होत नाहीत, कमिट्यांत भांडणं असतात, फायली गहाळ होतात. पण मोफाच्या 2008च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या कन्व्हेयन्सची) वाट करून द्यावी लागली, सोसायट्यांना जिल्हा उपनिबंधकांच्या दारात उभं राहावं लागलं, ते बिल्डर आपणहून करून देत नव्हते म्हणूनच. जमीन आपल्या नावावर राहिली की उरलेला एफएसआय (त्या जमिनीवर अजून करता येणारं बांधकाम) आपला, उद्या नियम बदलून वाढला तर तोही आपला, हा हिशेब त्यामागे असतो. पुनर्विकासाची वेळ आली की तो हिशेब उघडा पडतो. चाळीस वर्षं देखभाल खर्च भरणाऱ्या लोकांना तेव्हा कळतं की आपल्या पायाखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याची आहे.

शेठनी आपल्या प्रत्येक इमारतीचं कन्व्हेयन्स स्वतः करून दिलं. शेवटच्या एकाच्या वेळी ते आजारी होते, दुय्यम निबंधक कार्यालयाचा जिना त्यांना चढवेना, म्हणून दोघांनी खुर्चीत बसवून वर नेलं. पहिल्या इमारतीच्या जमीनमालक बहिणींपैकी एक त्या इमारतीच्या कन्व्हेयन्सच्या सहीला आली होती तेव्हा तिने त्यांना घरचे तांदूळ आणून दिले होते, हे मला आठवतं. त्यांनी एकूण किती चौरस फूट बांधलं ते मला ठाऊक नाही, त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात प्रत्येक इमारतीची एक फाइल होती आणि कन्व्हेयन्सची प्रत लागल्याशिवाय ती फाइल खालच्या कप्प्यात जात नसे.

संपादक महोदय, नोंदीचा कायदा होईल तेव्हा होईल. आपल्या वृत्तपत्राला मात्र एक गोष्ट पुढच्या रविवारपासून करता येईल. मालमत्ता पुरवणीत एखाद्या विकासकाची मुलाखत किंवा ओळख छापताना त्याच्या पूर्ण झालेल्या इमारतींची यादी मागा, आणि प्रत्येकीपुढे भोगवटा दाखल्याचं व अभिहस्तांतरणाचं वर्ष छापा. ज्याच्याकडे ती माहिती आहे तो आनंदाने देईल. आमच्या भागात मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी सोसायट्यांना ही कागदपत्रं वाचून समजावून देतो. आपल्या प्रतिनिधीला त्यासाठी मदत हवी असेल तर कधीही यावं, कामाचे पैसे घेत नाही.

कळावे,
आपला नम्र वाचक,
एक निवृत्त साइट इंजिनिअर, डोंबिवली (पूर्व)